चंद्राला साक्षीदार लागतो, मग बातमीला का नको?

२०२५ मध्ये गुढीपाडवा रविवारी, ३० मार्चला होता. सूर्य मावळताना निलंग्यातल्या घरोघरच्या गुढ्या उतरवल्या जाणार होत्या आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पश्चिमेकडे डोळे लावून उभे राहणार होते. रमजानचा एकोणतिसावा रोजा त्या संध्याकाळी सुटणार होता. चंद्र दिसला तर सोमवारी ईद, नाही दिसला तर तिसावा रोजा. चैत्राची प्रतिपदा आणि शव्वालचा चांद, दोन्ही हिशेब एकाच चंद्राचे. एका घरात तो पंचांगातून आधीच कळलेला असतो, दुसऱ्या घरात तो डोळ्यांनी पाहावा लागतो.

या 'पाहावा लागतो'मध्ये मोठी शिस्त आहे. महिनाभर रोजे धरलेल्या माणसाला ईदची किती ओढ असते, हे सांगायला नको. लेकरांचे कपडे शिवून आलेले असतात, शेवया आणि सुकामेवा घरात येऊन पडलेला असतो. तरीही 'दिसला म्हणे' एवढ्यावर ईद होत नाही. हनफी फिकहप्रमाणे आकाश ढगाळ असेल तर ईदच्या चंद्रासाठी किमान दोन भरवशाच्या साक्षीदारांची ग्वाही लागते. आकाश निरभ्र असेल तर नियम आणखी कडक होतो. तेव्हा एक-दोघांच्या सांगण्यावर भागत नाही, पुष्कळ लोकांनी चंद्र पाहिलेला असावा लागतो. कारण सरळ आहे. आकाश स्वच्छ असताना एकालाच दिसला आणि बाकी गावाला दिसला नाही, तर शंका घ्यायला जागा आहे.

तार आणि टेलिफोन आले तेव्हा उलेमांमध्ये यावर बरीच चर्चा झाली. दूरच्या गावाहून फोनवर कळलेला चंद्र ही 'खबर' मानायची की 'शहादत'? खबर म्हणजे नुसती वार्ता. शहादत म्हणजे ज्याने स्वतः पाहिले, त्याने समोर उभे राहून दिलेली साक्ष. आनंदाच्या बातमीलाही ज्या समाजाने एवढी बारीक चाळणी लावली, त्या समाजाची संतापाच्या बातमीची चाळणी कुठे गेली, हा प्रश्न २०२५च्या रमजानने पुढ्यात आणून ठेवला. आणि तो एकट्या मुसलमानांपुरता नाही.

१७ मार्चची संध्याकाळ

२०२५ मध्ये धुळवड १४ मार्चला, म्हणजे रमजानातल्या जुम्म्याच्या दिवशी आली. त्यावरून देशात बरीच वक्तव्ये झाली. तीन दिवसांनी, सोमवारी १७ मार्चला, दहावीचे पेपर संपले. पोरे दप्तर टाकून मोकळी झाली. त्याच दिवशी नागपुरात महाल भागात, खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवावी या मागणीसाठी आंदोलन झाले. त्यात प्रतीकात्मक कबर जाळण्यात आली. पाठोपाठ वार्ता फिरली की जाळलेल्या चादरीवर कुराणच्या आयती होत्या. संध्याकाळी जमाव रस्त्यावर आला. दगडफेक झाली, गाड्या पेटल्या, पोलीस अधिकारी आणि कर्मचारी जखमी झाले. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. जखमींपैकी एकाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. आयतींची गोष्ट ही पसरवलेली अफवा होती, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. चिथावणीच्या पोस्ट शोधून सायबर पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले.

तीनशे वर्षांपूर्वीच्या कबरीवरून आजच्या बाजारपेठा तापवायच्या का, याचे उत्तर ज्यांनी ते वातावरण तापवले त्यांनी द्यायचे आहे. ती जबाबदारी अफवेच्या आड लपवता येणार नाही. पण दुसराही एक हिशेब आहे आणि तो रमजानच्या पानावर मांडायलाच हवा. आंदोलन दिवसाउजेडी, भर चौकात झाले होते. आकाश निरभ्र होते म्हणा ना. मग चादर कुणी जवळून पाहिली? त्यावरची अक्षरे कुणी वाचली? चंद्राच्या बाबतीत हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मशिदीतून घोषणा झाली नसती. त्या संध्याकाळी ते विचारले गेले नाहीत आणि एका शहराचे पोट असलेली दुकाने कित्येक दिवस बंद राहिली. रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात कापड, चप्पल, बांगड्या, शेवया विकणाऱ्याची वर्षाची कमाई होते. संचारबंदीत त्याचे शटर खाली होते. शेजारच्या दुकानात पाडव्याचा माल भरलेल्या व्यापाऱ्याचेही शटर खालीच होते.

अफवा म्हणजे तोंडे

मराठीतला 'अफवा' हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आला. 'अफवाह' हे मुळात अनेकवचन आहे, त्याचा अर्थ 'तोंडे'. ज्या गोष्टीला तोंडे पुष्कळ आणि डोळे एकही नाहीत, ती अफवा. मराठीत तिला 'सांगोवांगी' असा नेमका शब्द आहे.

कुराणात 'हुजुरात' नावाची एक सूरह आहे. हुजुरात म्हणजे खोल्या, एकमेकांना लागून असलेली घरे. या सूरहचा बराचसा भाग माणसांनी एकमेकांजवळ कसे राहावे याविषयी आहे. कुणाची टिंगल करू नका, टोपणनावाने हिणवू नका, संशयाने वागू नका, दुसऱ्याच्या घरात डोकावू नका, पाठीमागे निंदा करू नका. यादी वाचताना वाटावे की ही कुठल्याही वसाहतीच्या फाटकावर लावायची पाटी आहे. त्याच सूरहमध्ये, या सगळ्याच्या आधी, एक आज्ञा येते. बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खात्री करून घ्या, नाहीतर नकळत कुणाचे तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल.

या आज्ञेमागचा प्रसंग तफसीरकार सांगतात. एका टोळीकडे जकात गोळा करायला माणूस पाठवला होता. टोळीचे लोक घोळक्याने सामोरे आले. हा घाबरला, अर्ध्या वाटेवरून परतला आणि मदिनेत येऊन म्हणाला की ते जिवावर उठले आहेत. मदिनेतून फौज निघण्याच्या बेतात होती. चौकशी केल्यावर कळले की ते स्वागताला आले होते. स्वागताचा घोळका आणि हल्ल्याचा घोळका लांबून सारखाच दिसतो, एवढे जरी या गोष्टीतून लक्षात राहिले तरी पुष्कळ झाले.

रोजा फक्त पोटाचा नसतो, जिभेचाही असतो, हे मशिदीत दरवर्षी सांगितले जाते. जो खोटे बोलणे सोडत नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला गरज नाही, अशी हदीस आहे. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे, एवढेही माणूस खोटा ठरायला पुरेसे आहे, अशीही एक हदीस आहे. चौदाशे वर्षांपूर्वी ती जिभेविषयी होती. आता ती अंगठ्यालाही लागू आहे.

निलंग्याने हे भोगले आहे

नागपूर लांब आहे, असे निलंगेकरांनी म्हणू नये. एप्रिल २०२०च्या पहिल्या आठवड्यात या गावाचे नाव राज्यभर गाजले. हरियाणातून आंध्र प्रदेशातल्या आपल्या गावी परतणारे १२ प्रवासी टाळेबंदीच्या काळात निलंग्यात थांबले होते. त्यांच्यातल्या ८ जणांना करोनाची लागण झाल्याचे तपासणीत आढळले. लातूर जिल्ह्यातले हे पहिले रुग्ण. ते मशिदीत उतरले होते, एवढा तपशील पुरेसा झाला. दिल्लीच्या निजामुद्दीनची बातमी तेव्हा गरम होती. सगळा देश आजाराला धर्म चिकटवण्यात गुंतला होता. भाजीवाल्याचे नाव विचारून भाजी घेण्याचे प्रकार त्या दिवसांत देशात ठिकठिकाणी घडले.

तारखा पाहिल्या तर त्या आठवड्यात काय चालले होते ते कळते. ७ एप्रिलला व्हॉट्सअ‍ॅपने वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. दुसऱ्या दिवशी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सूचना काढावी लागली की कुठल्याही समाजाला किंवा वस्तीला आजारासाठी दोषी धरू नका. २५ एप्रिलला रमजान सुरू झाला. तरावीह घरातच पढली गेली आणि ईदची नमाजही.

ते आठही जण लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेतल्या उपचारांनंतर बरे झाले. तिथले डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांनी रुग्णाचे नाव पाहून औषध दिले नाही. त्याच वर्षी २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, अहमदनगरच्या वेगळ्या प्रकरणात, तबलीगी जमातच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे निरीक्षण नोंदवले.

आता एक साधा हिशेब मांडून पाहावा. आठ जण आजारी पडल्याची बातमी किती घरांत पोचली? आठही जण बरे झाल्याची बातमी किती घरांत पोचली? खंडपीठाच्या निकालाची किती? पहिल्या बातमीने ज्याच्याकडून भाजी घेणे थांबले, त्याला तिसऱ्या बातमीनंतर कुणी जाऊन काही बोलले का? अफवा घराघरात पायाने चालत जाते, खुलाशाला मात्र कुणी वाहन देत नाही. शेजार मोडतो तो यामुळे. भांडण होऊन मोडलेला शेजार पुन्हा जुळतो. न बोलता मनात धरलेला संशय वर्षानुवर्षे तसाच राहतो, कारण तो कुणी कुणाला सांगितलेलाच नसतो.

एक कॉलनी, दोन बातम्या

गेल्या काही वर्षांत निलंगा लातूर, उदगीर, बिदरकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या कडेने बाहेर सरकले आहे. जुन्या गावात, नीळकंठेश्वराच्या हेमाडपंती मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत, भिंतीला भिंत होती. कुणाच्या घरात काय शिजले ते वासानेच कळायचे. नव्या वसाहतींत प्लॉट आहेत, कंपाउंड आहे, फाटक आहे. शिक्षक, एसटीतले कर्मचारी, बँकेतले बाबू, शेती विकून किंवा राखून गावातून आलेले लोक, नव्याने दुकान टाकलेली कुटुंबे. ओटा गेला, पार गेला. त्यांची जागा मोबाइलवरच्या ग्रुपने घेतली.

कॉलनीच्या ग्रुपवर जे येते ते खरे तर उत्तम असते. नळाला पाणी कधी सुटणार, नाली कधीची तुंबली आहे, खांबावरचा दिवा गेला, कुणाला रक्त हवे आहे, कुणाच्या आईचे निधन झाले, अंत्ययात्रा किती वाजता. पाडव्याला सगळे गुढीचे चित्र टाकतात, ईदला सगळे चांद-सिताऱ्याचे. तिथे कुणी कुणाच्या धर्माविषयी वावगे बोलत नाही. पण त्याच माणसांच्या खिशात दुसरेही ग्रुप आहेत. जातीचे, जमातीचे, पक्षाचे, नातेवाइकांचे. जे कॉलनीच्या ग्रुपवर टाकायची लाज वाटते, ते तिथे बिनदिक्कत फिरते. म्हणजे एकाच गल्लीत दोन बातमीपत्रे निघतात. एक सगळ्यांसमोरचे, गोड. दुसरे पाठीमागचे, कडू. आणि ज्याच्याविषयी ते कडू बातमीपत्र असते, त्याला ते कधीच दाखवले जात नाही.

पुरणपोळीचे ताट आणि शीरखुर्म्याची वाटी भिंतीपलीकडे जाते, याचे कौतुक दरवर्षी होते. ते व्हावेही. पण ताट देणे सोपे आहे. 'तुमच्याविषयी आमच्याकडे असे असे आले आहे, हे खरे का हो भाभी?' हे विचारणे अवघड आहे. 'दादा, आमच्या पोरांत अशी गोष्ट फिरते आहे, तुम्ही तिथे होतात, काय झाले सांगा' हे म्हणणे त्याहून अवघड. शेजारधर्माची आजची परीक्षा ताटात नाही, या प्रश्नात आहे.

अफवा किती दूर नेते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्यांना जमावाने ठार मारले. तिथे ना हिंदू-मुसलमान वाद होता, ना कबर होती. फक्त बातमी होती आणि ती खरी आहे का, हे विचारणारा माणूस नव्हता.

खात्री करणे म्हणजे गप्प बसवणे नव्हे

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' असे वरून सांगितले जाते तेव्हा पुष्कळदा खरी तक्रारही त्यात दाबली जाते. या तालुक्यातच त्याचे उत्तर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप ज्यांनी भोगला, त्या पट्ट्यातली ही माणसे. गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट आणि ढिगाऱ्याखाली गेलेली हजारो माणसे कुणी विसरलेले नाही. हासोरीचे लोक पावसात घराबाहेर झोपू लागले. सुरुवातीला यंत्रांवर ठोस काही दिसत नव्हते, घबराट पसरवू नका असे सांगितले गेले. पण गावकऱ्यांनी पाठपुरावा सोडला नाही. तज्ज्ञ आले, मोजमाप झाले, पुढे सौम्य धक्क्यांच्या नोंदीही झाल्या. म्हणजे गावाचे कान खरे ठरले आणि धक्के सौम्य आहेत हेही कळले. खात्री केली की भीती आणि सत्य दोन्ही आपापल्या मापात येतात.

म्हणून प्रशासनाचीही बाजू आहे. जिथे खरी माहिती वेळेवर, साध्या मराठीत आणि उर्दूत, भरवशाच्या माणसाकडून येते, तिथे अफवेला बसायला जागा मिळत नाही. सणाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, चहा होतो, फोटो होतो. खरा उपयोग मात्र रात्री साडेदहाला कुणाचा तरी फोन वाजला आणि त्याने तो उचलला, यात आहे.

भिवंडीने हे करून दाखवले. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. मोहल्ल्यातली दोन्ही धर्मांची साधी माणसे आणि पोलीस नियमितपणे एकत्र बसू लागले, नळाच्या, भाडेकरूच्या, पोरांच्या भांडणांवर बोलू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. ही माणसे काही निराळ्या मातीची नव्हती. ती एकमेकांना नावाने ओळखत होती आणि आलेली बातमी कुणाला विचारायची हे त्यांना माहीत होते, एवढाच फरक.

निलंग्यातल्या एखाद्या कॉलनीला हे करायला सरकारी आदेश लागत नाही. ग्रुपचे दोन ॲडमिन दोन धर्मांचे असावेत. गावातल्या कुठल्याही घटनेची गोष्ट टाकताना कुणी पाहिले, कुठे, किती वाजता, हे लिहिल्याशिवाय ती टाकू नये. चुकीची ठरलेली गोष्ट ज्याने टाकली त्यानेच तिथेच दुरुस्त करावी आणि दुसऱ्या ग्रुपवर पाठवली असेल तर तिथेही. सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे. कायद्याने तो सुटेल. शेजारी म्हणून सुटतो का, हे त्याने स्वतःला विचारावे.

अशा संध्याकाळी गच्चीवर एखादे पोरगे ओरडेल, 'दिसला, दिसला!' घरातली म्हातारी चष्मा पुशीत वर येईल आणि आधी विचारेल, 'कहाँ है? कौन देखा?' पोराचे बोट जिकडे आहे तिकडे ती स्वतः पाहील. ढग असला तर म्हणेल, 'थांब बाबा, मशिदीतून कळू दे.' गुढी उतरवणारे शेजारीही क्षणभर तिकडे पाहतील. ईद एक दिवस पुढे गेली तर कुणाचे काही बिघडत नाही. एक-दोन दिवसांनी त्याच पोराच्या मोबाइलवर दुसरे काहीतरी येईल आणि त्याचा अंगठा पुढे सरकेल. तेव्हाही म्हातारीचा तोच प्रश्न त्याच्या कानात राहिला पाहिजे. कुठे आहे? कुणी पाहिले?